खणांचं कपाट आणि आत्याचा रेडिओ : प्रकल्प नोंदी

रविवार, ९ जून २०१९

काकांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाच्या दुकानातलं कपाट अखेर घरी आलं. गल्लीत स्मार्ट सिटीची खोदाई चाललीय, टेम्पो आत शिरेना. मग हातगाड्यावर आडवं घालून बेळगावच्या नरगुंदकर भावे चौकापर्यंत ढकललं आणि तिथनं टेम्पोत चढवलं. सहा ओळी, ओळीला बारा खण. चौकट सागवानी, खण मात्र मिळेल त्या फळीचे, काहींचे तळ चहाच्या खोक्याच्या प्लायवूडचे. पावसाआधीची दमट हवा लागून निम्मे खण आत्ताच फुगलेत. ओढले की मूठ हातात येते.

काकांच्या मुलानं माल मोजलाही नाही. "कपाटासकट उचला दादा, आतलं सगळं तुमचं," म्हणाला. त्याला पुण्याला परतायची घाई. दुकान गेल्या दिवाळीपासून बंदच होतं. जागा आता भाड्यानं गेलीय, तिथं मोबाइलची कव्हरं येणार.

ठरवलंय ते एवढंच : खण साफ करायचे, माल तपासून पुन्हा लावायचा, आणि आत्याचा ट्रान्झिस्टर ह्यातल्याच मालावर चालू करायचा. बाहेरनं काही आणायचं नाही. ही शेवटची अट किती टिकते बघू. चतुर्थी २ सप्टेंबरला आहे, आत्याला तोवर हवाय.

रविवार, १६ जून

भारत-पाकिस्तान सामना. गल्लीत चिटपाखरू नाही. खालून टीव्हीचा आवाज येत होता तेवढ्यावर स्कोअर कळत राहिला आणि वरच्या दोन ओळी उपसून झाल्या.

काकांच्या कपाटावर नावं कमी, नमुने जास्त. प्रत्येक खणाच्या दर्शनी फळीला आतला एक नग तारेनं बांधलेला. डायोडच्या खणावर डायोड, बनाना पिनच्या खणावर पिन, व्हॉल्यूम कंट्रोलच्या खणावर नुसता दांडा. गिऱ्हाईक मराठी असो, कानडी असो, नाहीतर कॅम्पातला हिंदी बोलणारा जवान, बोट दाखवलं की काम झालं. शाळेत असताना मीही नाव ठाऊक नसलेल्या कितीतरी वस्तू अशाच बोटावर आणल्यात.

चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन-तीन अक्षरं आहेत. ती खरेदीची किंमत, दुकानाच्या गुप्त खुणेत : दहा आकड्यांना दहा अक्षरं. गिऱ्हाइकासमोर भाव पाडायचा तर किती खाली जायचं हे नोकराला त्यावरून कळे. मुलाला फोन करून विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. राहू दे. विकायचंय कुठं?

रेझिस्टन्स भरपूर निघाले, जुन्या धाटणीचे जाडसर कार्बनचे. अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. ओल धरत धरत यांचा रोध वर चढतो, दहा केचा (दहा हजार ओहमचा) पट्टा असलेला बारा-तेरा के दाखवतो. मीटरवर घालून तीन डबे केले : बरोबर, चालेल, टाका.

दुसरी ओळ म्हणजे अख्खा टेपरेकॉर्डरचा जमाना. हेड, पिंच रोलर, मोटरी. रबरी पट्ट्यांचं डांबर झालंय, बोटाला लागलं ते रॉकेलनंच निघालं. त्याखालीच टीबीए ८१० आणि ४४४० ह्या आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या आयसी. ह्या दोन नंबरांवर बेळगावच्या एका पिढीनं इलेक्ट्रॉनिक्स शिकलं असं म्हटलं तरी चालेल. ४४४० ची तयार पट्टी, बारा-झिरो-बाराचा ट्रान्सफॉर्मर, आणि स्पीकर खानापूरच्या मडक्यात, तोंड वर करून. दणका असा की शेजारी भांडायला येत. ज्यांच्याकडं मडकं नव्हतं ते सिमेंटचा पाइप वापरत, पण मडक्याची सर नाही.

रविवार, २३ जून

रेडिओ उघडला. लाकडी पेटी, दोन बँड, चार मोठे सेल, म्हणजे सहा व्होल्ट. ट्रान्झिस्टर सगळे जर्मेनियमचे आणि पीएनपी जातीचे, त्यामुळं चासीला, म्हणजे आतल्या सांगाड्याला, नेहमीच्या मायनसऐवजी प्लस आहे. आजकालचा एलिमिनेटर (सेलऐवजी लावायचा सप्लाय) सवयीनं उलटा लावला की खेळ खलास. सेलच्या घरात हिरवट मीठ साचलंय, पत्र्याच्या पट्ट्या खाल्ल्यात. स्पीकरचा कागद धड आहे, हे नशीब. डायलची दोरी तुटून चाकाभोवती गुंडाळली गेलीय.

चासीला धरणाऱ्या चार स्क्रूंपैकी एक नाही. उरलेल्यांतला एक काढून मायक्रोमीटर लावला : ३.६ मिलिमीटर, म्हणजे फोर बीए, जुनं ब्रिटिश माप. ह्याचे आटे ०.६६ च्या पिचचे. आजचा मेट्रिक एम ३.५ चा स्क्रू त्यात घातला तर दोन-चार आटे जातो आणि अडतो, जोर लावला तर दोन्ही मरतात.

इथं मला शहापूरच्या खडेबाजारातलं ते हार्डवेअरचं दुकान आठवल्याशिवाय राहत नाही. आत शिरलं की ग्रीस, ताग आणि लोखंडी गंजाचा वास. मालक गादीवर मांडी घालून बसलेले, सगळे त्यांना सावकार म्हणत. बोल्ट सुतावर आणि किलोवर : दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश. देशात मेट्रिक वजनमापं १९५८ पासून यायला लागली, सावकारांच्या दुकानात ती तागडीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. नमुन्याचा बोल्ट हातात दिला की ते आट्यांवरनं अंगठ्याचं नख हळू ओढत. व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंची मापाचा, आटा ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. हा फरक नखाला कळतो असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, पण पाव इंची व्हिटवर्थ आणि एम ६ त्यांनी कधी एकमेकांत जाऊ दिले नाहीत. नट स्वतः बोल्टवर चढवून बोटानं फिरवत खालपर्यंत नेत, मगच पारड्यात टाकत. अडलेला नट बाजूच्या डब्यात. तो डबा महिन्याच्या शेवटी भंगारात.

ते दुकान जाऊन बरीच वर्षं झाली. उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, आज नट-बोल्टची चांगली दुकानं आहेत, माल उत्तम, सगळा मेट्रिक. माझं पोट उद्यमबागेवरच चालतंय, तेव्हा नावं ठेवायचं काही कारण नाही. पण तिथं एक स्क्रू मागितला की माणूस वर बघतो. यंत्रांचं वेड ह्या गावाला नवं नाही, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते इथंच. लोखंडी नांगरही इथंच घडले, कारखाना १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला, आणि आपल्याकडं किर्लोस्कर रोड राहिला.

फोर बीएचा स्क्रू चौथ्या ओळीत सापडला. खणावर बांधलेला नमुनाच सोडवून घेतला, आत एकही नव्हता.

रविवार, ७ जुलै

आज ट्रान्झिस्टर. ही नोंद लांबणार.

सेटमध्ये सुरुवातीच्या टप्प्यांना एएफ ११७ आहेत, चार पायांचे. तीन पाय नेहमीचे, चौथा बाहेरच्या पत्र्याच्या टोपीला जोडलेला. ह्या जातीचं दुखणं जगभर माहीत आहे : टोपीच्या आतल्या कथलाला वर्षानुवर्षं केसासारखे बारीक तंतू फुटतात आणि ते आतल्या पायाला टेकतात. सेट मुका होतो, नाहीतर टिचकी मारली की खरखरतो. आत्याचा खरखरत होता.

काकांच्या खणात एएफ ११७ नवेकोरे, कागदाच्या पुडीत. आनंदानं एकेक मीटरवर घातला. निम्म्याहून अधिक शॉर्ट! तंतू वाढायला वीज लागत नाही, पुडीत पडल्या पडल्याही ते वाढतात. म्हणजे न वापरलेला माल वापरलेल्याइतकाच म्हातारा. उपाय साधा आहे : टोपीचा चौथा पाय कापायचा. तंतू टेकलेलाच राहतो, पण टोपीचा जमिनीशी संबंध सुटतो. सेटमधल्यांचेच पाय कापले. खणातले तसेच ठेवले.

शेवटच्या टप्प्याला एसी १२८ ची जोडी. आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा एकानं ओढायचा, खालचा दुसऱ्यानं. दोघांची ताकद सारखी नसली तर आवाज फाटतो, आणि जो जास्त ओढतो तो तापतो. जर्मेनियम तापलं की गळती वाढते, गळती वाढली की आणखी तापतं. असा एक गेला की बरेचदा दुसऱ्यालाही घेऊन जातो.

म्हणून एसी १२८ दोन मागितले तरी काका दोन देत नसत. "सेट कुठाय?" हा पहिला प्रश्न. नुसता नंबर सांगून माल मिळायचा नाही. सेट काउंटरवर उघडून बघितला, की पाच-सहा मिनिटं काही बोलायचे नाहीत. मग खणातनं मूठभर एसी १२८ काढून फडक्यावर ओतत, काट्याचा मीटर पुढं घेत आणि एकेक तपासत. पाय बोटांनी कधी धरले नाहीत, चिमट्यानंच. बोटाच्या उबेनंही काटा सरकतो. काटा थांबेपर्यंत वाट बघायची, आकडा फडक्यावर खडूनं लिहायचा, पुढचा घ्यायचा. शेवटी दोन शेजारी शेजारी सरकवून म्हणायचे, "हे भाऊ भाऊ. घेऊन जा." पैसे दोन ट्रान्झिस्टरचे, अर्ध्या तासाचे नाहीत. मागं गिऱ्हाइकं थांबलेली असत, कुणी कुरकुर केली तर "होय की, बघायलोय न्हवं" एवढंच.

आज तेच केलं. काकांच्याच खणातले, माझा डिजिटल मीटर आणि आमच्या घरचा पापड भाजायचा चिमटा. खोलीत पंखा बंद ठेवावा लागतो, वाऱ्यानंही आकडा हलतो. मूठभरात दोन चांगल्या जोड्या निघाल्या, एक कामचलाऊ, बाकी सगळे एकांडे.

दुकानं गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात आणि ते माल मिळत नाही म्हणतात. माल मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं घरबसल्या येतो. हे जोडी लावून देणं तेवढं पार्सलमधून येत नाही.

रविवार, २१ जुलै

अट मोडली. कंडेन्सर.

खणातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे जुने. वर्षानुवर्षं पडून राहिले की आतला पातळ थर झिजतो आणि एकदम व्होल्टेज दिलं की ते गळतात. त्यांना माणसात आणायची रीत आहे : मोठा रेझिस्टन्स मध्ये घालून थोडं थोडं व्होल्टेज द्यायचं, गळती उतरते का बघायचं, मग वाढवायचं. रात्रभर लावून ठेवले. काही सुधारले, पण बरेचसे आतनं वाळलेत, शंभर मायक्रोफॅरडचा वीस दाखवतो. ते गेले. चार वेगवेगळ्या मायक्रोफॅरडचे मागवले. प्रत्येकी एक पुरे होता, पण दहाच्या खाली मिळत नाहीत. चार नग लागतात, चाळीस येणार.

सुटं मिळणं हा त्या दुकानांचा खरा धर्म होता. एक डायोड, हातभर वायर, दोन बोटांभोवती गुंडाळून दिलेलं फूटभर सोल्डर, काडेपेटीत घालून दिलेली राळ. विद्यार्थ्याच्या खिशात दोन रुपये असले तरी प्रयोग अडत नसे. सीटीसी सुद्धा औषधाच्या बाटलीत सुटं मिळायचं, व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर घालवायला. कार्बन टेट्राक्लोराइड ते. यकृताची वाट लावणारं. आम्ही पोरं त्याच्या वासात तासन्‌तास बसायचो. आज मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं आणि खिडकी उघडी ठेवली. खरखर बरीच गेली.

त्या दुकानांची आरती ओवाळायचं कारण नाही. नंबर पुसून दुसरा नंबर छापलेले पॉवर ट्रान्झिस्टर इथंही खपलेत, २एन ३०५५ तर हमखास. खेड्यातनं आलेल्या अनोळखी माणसाला भाव वेगळा. दुपारी दीड ते चार शटर खाली, मग तुमची खानापूरची शेवटची बस चुकली तरी चालेल. आणि बायका त्या काउंटरवर मी जवळजवळ बघितल्याच नाहीत. आत्याचा हा रेडिओ नंदगडहून कितीदा तरी त्या दुकानात आला असेल, आत्या स्वतः एकदाही आली नाही. रेडिओ पिशवीत, पिशवी दिराच्या हातात, आणि काय बिघडलंय ते चिठ्ठीवर तिनं लिहिलेलं. चिठ्ठ्या नेमक्या असायच्या. "सकाळी नीट, तापल्यावर आवाज फाटतो." हे निदानच झालं की!

मंगळवार, ६ ऑगस्ट

पार्सल कोल्हापूरच्या अलीकडं की पलीकडं, कळत नाही. निपाणीच्या पुढं हायवे पाण्याखाली. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

काही काम नाही. जिल्ह्यात सगळीकडं पाणी, शहरात घरं पडलीत. मदतीचं सामान गोळा करायला जात होतो, माडीवर फिरकलो नाही. लाइट येऊन जाऊन. कपाटाचे खण इतके फुगलेत की आता एकही उघडत नाही. उन्हं पडल्याशिवाय हात लावायचा नाही, ओढले तर फळ्या फाटतील.

रविवार, १८ ऑगस्ट

पार्सल आलं, पुठ्ठा ओला होऊन वाळलेला, आतला माल कोरडा. कंडेन्सर बदलले. प्लस-मायनस दोनदा बघून, कारण इथं सगळं उलटं.

सेल घालायच्या आधी पॉवर सप्लायवर, मध्ये मिलिॲम्पिअर मीटर. स्विच दिला, काटा थोडा उठला आणि थांबला. तापत नाही. व्हॉल्यूम वाढवला तर नुसता फुस्स आवाज, पण स्वच्छ. एसी १२८ वर बोट ठेवून बसलो, दोन्ही सारखेच कोमट. जोडी बरोबर लागलीय.

डायलची दोरी राहिली होती. काकांच्या खणात दोरीचं रीळ आहे, पण कुजलंय. मासे पकडायची वेणीची दोरी घेतली, ती ताणत नाही. चाकाला अडीच वेढे, स्प्रिंग आत.

रविवार, २५ ऑगस्ट

आज डायल जुळवली. माझ्याकडं सिग्नल जनरेटर नाही, आकाशवाणी आहे. खालच्या बाजूला धारवाड, ७६५ किलोहर्ट्झ. वरच्या बाजूला सांगली, १२५१. बेळगावात बसून डायल लावायला ह्याहून सोयीची जोडी नाही. धारवाडचं केंद्र १९५० पासूनचं, सांगलीचं १९६३ पासूनचं, आणि आमच्या घरात दोन्ही लागायची : कानडी बातम्या, मराठी गाणी, मधल्या जागेत शिट्ट्या.

रेडिओच्या आत एक छोटं ट्रान्समीटरच असतं म्हणा, स्टेशनच्या नेहमी ४५५ किलोहर्ट्झ वर चालणारं. धारवाड पकडायचं तर त्यानं ७६५ अधिक ४५५, म्हणजे १२२० वर चालायला हवं. काटा ७६५ वर ठेवून कॉइलचा गाभा फिरवत जायचं, धारवाड काट्याखाली येईपर्यंत. मग काटा १२५१ वर, आता ट्रिमर (स्क्रूनं फिरवायचा छोटा कंडेन्सर) फिरवायचा, सांगली येईपर्यंत. पण सांगली आणली की धारवाड जागेवरनं हललेलं असतं. परत खाली जाऊन ते आणायचं, की सांगली थोडी सरकते. प्रत्येक फेरीला फरक कमी होत जातो. गाभा फिरवायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही, जवळ नेला की सूर बदलतो. काका सायकलच्या स्पोकला प्लास्टिकची टोकदार काडी बसवून विकायचे. मी टूथब्रशचा दांडा घासून घेतला.

संध्याकाळी जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही जागेवर. धारवाड खणखणीत. सांगली दिवसा जरा दबकी, अंधार पडल्यावर सुधारली. मध्येच कुठून तरी पणजी डोकावली. शेवटी फेराइटच्या कांडीवरची कॉइल मेण लावून पक्की केली.

रविवार, १ सप्टेंबर

सकाळी अनगोळला जाऊन आत्याला रेडिओ दिला. तिनं आधी मागचं झाकण उघडून चारी सेल सरळ आहेत का बघितलं, मग लावला. धारवाड स्वतःच शोधलं. "पूर्वीपेक्षा जाड आवाज झालाय," म्हणाली. बरोबर आहे. नवे कंडेन्सर जरा जास्त मायक्रोफॅरडचे घातलेत, खर्ज सुधारतो. तसं सांगितलं तर म्हणाली, "मग कमी कर. बातम्या ऐकायच्यायत मला." चतुर्थी झाल्यावर बदलतो म्हटलंय.

दुपारी शेजारचा पोरगा आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुणाकडनं तरी कपाटाचं कळलं. चार ४००७ डायोड हवे होते, एसीचं डीसी करणारा ब्रिज करायला. ऑनलाइन शंभर नगांची पट्टी येते. खणावरच्या नमुन्याकडं बोट दाखवलं त्यानं. दिले. पैसे देत होता, म्हटलं राहू दे, आधी कागदावर ब्रिज काढून दाखव. एक डायोड उलटा काढला होता. बसवून पुन्हा काढायला लावला, चहा झाला, मग पाठवला. जाताना विचारत होता, शनिवारी मित्राला आणू का. सोल्डरिंग आयर्न मित्रानंच आणावं, माझ्याकडचा एकच आहे.

फुगलेले खण आता परत सरकायला लागलेत. ज्यांच्या मुठी आल्यात त्यांना पाच बत्तीसांशचे स्क्रू लागणार. बाकी राहिलं ते रेडिओचं शॉर्टवेव्ह. तो बँड अजून मुका आहे, स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत आणि एक पट्टी तुटलीय. खालून दुसऱ्या ओळीत स्विचचा एक वेफर (कॉन्टॅक्टची चकती) सापडलाय, पण तो तीन बँडचा आहे. पाय मोजून, जास्तीचे मोकळे सोडून बसतो का बघायचं. दसऱ्यानंतर.